बाजारातील मौन

व्यापारातील नीतीचा विषय निघाला, की बोलणे बहुधा खोटी मापे, भेसळ आणि लबाडी यांवर येऊन थांबते. हे दोष समाजाला जाचक आहेत यात शंका नाही. परंतु त्यांत नीतीचा पेच असा काही नाही. दांडी मारणाऱ्या दुकानदाराला आपण काय करीत आहोत हे पुरते ठाऊक असते. दुधात पाणी घालणारा पाप-पुण्याच्या संभ्रमात पडून पाणी घालीत नाही. त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो पकडले जाण्याचा. योग्य काय हे ठरविण्याचा नव्हे.

खरा पेच उभा राहतो तो प्रामाणिक म्हणविणाऱ्या आणि बव्हंशी प्रामाणिक असणाऱ्या माणसापुढे. एखाद्या कापडविक्याला आपल्या फळीवरील कापड पहिल्या धुण्यातच आटणार हे माहीत असते. गिऱ्हाईक रंग पाहते, पोत पाहते आणि दाम मोजते. जुनी स्कूटर विकणाऱ्याला तिचे इंजिन चढावर धाप टाकते हे ठाऊक असते. घेणारा ती सपाट रस्त्यावर चालवून पाहतो आणि खूश होतो. घर विकणाऱ्याला उन्हाळ्याचे दोन महिने वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही याचा अनुभव असतो. घर पाहावयास येणारे कुटुंब नेमके पावसाळ्यात येते. यांपैकी कोणीही खोटा शब्द उच्चारलेला नाही. ते केवळ बोलत नाहीत. हे न बोलणे खोटे बोलण्याच्याच पंक्तीला बसवावे काय? की ज्याने त्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, हाच बाजाराचा रास्त नियम मानावा?

प्रश्न फार जुना आहे. इ. स. पूर्व ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो याने आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एका धान्यव्यापाऱ्याचे उदाहरण येते. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे आणि धान्याचे भाव कडाडले आहेत. अशा वेळी अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याने भरलेले गलबत घेऊन तेथे पोचतो. आपल्यामागून धान्याची आणखी गलबते ऱ्होड्सच्या रोखाने येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिलेले असते. बेटावरच्या लोकांना याची वार्ता नाही. ती सांगितली तर भाव तत्काळ उतरेल. न सांगितली तर धान्य चढ्या दराने खपेल. सिसेरो या व्यापाऱ्याला लबाड मानीत नाही. तो सज्जन आहे, लपविणे अनुचित ठरल्यास तो लपविणार नाही, पण ते अनुचित आहे की नाही याचीच त्याला शंका आहे, असे तो गृहीत धरतो.

या उदाहरणावर सिसेरोने दोन तत्त्वज्ञांचे मत मांडले आहे. एक बाबिलोनचा डायोजेनिस आणि दुसरा त्याचाच शिष्य अँटिपेटर. डायोजेनिसच्या मते कायदा जेवढे दोष सांगावयास लावतो तेवढे विक्रेत्याने सांगावेत. त्यापलीकडे कपट न करता त्याने मिळेल तो उत्तम भाव घ्यावा. लपविणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. दुसऱ्याला जे जे ऐकणे हिताचे, ते ते सर्व त्याला सांगत सुटण्याचे बंधन कोणावरही नाही. अँटिपेटरचे म्हणणे याच्या उलट. माणसे एकमेकांशी समाजाच्या नात्याने बांधलेली आहेत. तेव्हा शेजारी उपाशी असता विपुलता जवळ आली आहे, ही गोष्ट त्याच्यापासून दडवून ठेवणे हे त्या नात्याशी विसंगत आहे. सिसेरोने अखेर शिष्याच्या बाजूने कौल दिला. प्रत्येक न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे, हे त्याने मान्य केले. परंतु जे जाणून घेण्यात दुसऱ्याचे हित आहे ते केवळ आपल्या नफ्यासाठी त्याला कळू नये अशी इच्छा धरणे, हे मात्र लपविणेच होय, असा त्याचा निर्णय आहे.

दोन हजार वर्षे लोटली तरी हा वाद मिटलेला नाही, आणि आपल्या देशातील कायद्यातही त्याच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी नांदताना दिसतात. १८७२ सालचा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे आणि मौनाविषयी स्पष्टीकरण आहे. केवळ गप्प राहणे हे कपट नव्हे, हा तेथील सर्वसामान्य नियम. त्याखाली दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. एका माणसाचा घोडा सदोष आहे आणि ते त्याला माहीत आहे. तो घोडा तो लिलावात विकतो आणि दोषाविषयी चकार शब्द काढीत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. मात्र घेणारी व्यक्ती जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर तिला दोष सांगणे हे त्या नात्यामुळेच त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, “तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन.” यावर विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच मानले जाते. चौथ्या उदाहरणात दोघेही व्यापारी आहेत आणि एकाला भावातील बदलाची खाजगी बातमी लागलेली आहे. ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही.

हे चौथे उदाहरण वाचताना ऱ्होड्सच्या गलबताची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. त्याच स्वरूपाचा एक खराखुरा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८१७ साली आला होता. इंग्लंड व अमेरिका यांच्यातील युद्ध संपविणारा तह डिसेंबर १८१४ मध्ये झाला. १९ फेब्रुवारी १८१५ च्या पहाटे न्यू ऑर्लिन्स येथील एका व्यापाऱ्याला ही बातमी इतरांच्या आधी कळली आणि त्याने सूर्योदयानंतर लगेच तंबाखूच्या मोठ्या साठ्याचा सौदा पुरा केला. भाव वाढेल असे काही वृत्त आहे काय, असे विकणाऱ्याच्या माणसाने विचारले होते. बातमी पसरताच तंबाखूचा भाव शेकडा तीस ते पन्नास चढला. मुख्य न्यायमूर्ती मार्शल यांनी निर्णय दिला तो असा, की बाहेरच्या परिस्थितीची अशी बातमी सांगण्यास खरेदीदार बांधलेला नाही. तथापि दुसऱ्याची फसगत होईल असे काही बोलू वा करू नये, याची काळजी दोन्ही पक्षांनी घेतली पाहिजे. तेवढा मुद्दा तपासण्यासाठी खटला पुन्हा खाली पाठविण्यात आला.

घोड्याच्या बाबतीत मौनाला मोकळीक देणाऱ्या कायद्याने घराच्या बाबतीत मात्र वेगळा पवित्रा घेतला. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमान्वये स्थावर मिळकत विकणाऱ्याने तिच्यातील किंवा आपल्या हक्कातील असा प्रत्येक महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे, की जो त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येण्यासारखा नाही. इतकेच नव्हे, तर घेणाऱ्यावरही एक बंधन आहे. विकणाऱ्याचा त्या मिळकतीवर त्याला वाटतो त्याहून अधिक मोलाचा हक्क आहे असे घेणाऱ्याला माहीत असेल, तर ते त्याने सांगितले पाहिजे. येथे न सांगणे हे कपट समजले जाते. विम्यात तर पारडे पूर्णपणे दुसरीकडे झुकते. तेथे माल घेणाऱ्यानेच, म्हणजे विमा उतरविणाऱ्यानेच, आपल्या प्रकृतीची महत्त्वाची माहिती आपणहून द्यावयाची असते. कारण ती त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाजवळ नसते.

वरवर पाहता या नियमांत गोंधळ आहे असे वाटेल. वस्तुतः त्यांच्या मुळाशी एक सूत्र आहे. जी गोष्ट दुसऱ्याला थोड्या खटपटीने स्वतः पाहता येते, ती पाहण्याची जबाबदारी त्याची. जी त्याला कितीही डोळे ताणले तरी दिसणार नाही आणि आपल्याला मात्र दिसते, ती सांगण्याची जबाबदारी आपली. आपल्या प्राचीन स्मृतिकारांनाही हे सूत्र अवगत होते, असे म्हणण्यास जागा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेसाठी मुदती घालून दिल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा दिवस. गाईचे दूध तीन दिवसांत कळते, बैलाची ओढ कळण्यास पाच लागतात आणि बियाणे उगवते की नाही हे कळण्यास त्याहून अधिक दिवस जावे लागतात. दोष उघड होण्यास जितका वेळ लागतो तितकी सवड घेणाऱ्याला मिळाली पाहिजे, हा यातला विचार आजच्या व्यापाऱ्यालाही उमजण्यासारखा आहे.

मौन नेहमी विकणाऱ्याचेच असते असे नाही. महाराष्ट्रातील शेतमालाच्या बाजारांत पूर्वी हत्ता पद्धत रूढ होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा. पण रुमालाखाली काय घडले हे त्यालाच कळत नसे. त्याला कळे तो सौदा झाल्यावर सांगितलेला आकडा. ज्या गोष्टीवर त्याचे वर्ष अवलंबून, तीच त्याच्यापासून एका हातभर कापडाने झाकलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरे. फक्त तो सव्वा लाख मूठ झाकणाऱ्याच्या पदरात पडे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला, १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला आणि १९३९ साली मुंबई प्रांतात शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. या सर्व खटाटोपाचे एक मोठे प्रयोजन हेच होते, की वजन उघड्यावर व्हावे आणि भाव उघड्या लिलावात पुकारला जावा. रुमाल दूर करणे हीच तेथे नीती होती.

तरीही मौनाच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे, ते न ऐकता निकाल देणे योग्य होणार नाही. व्यापाऱ्याचे ज्ञान हे त्याचे भांडवल असते. कोणता माल कोठे स्वस्त मिळतो, पुढील हंगामात कशाला मागणी येईल, हे जाणून घेण्यासाठी तो वर्षानुवर्षे पायपीट करतो, पत्रे लिहितो, नुकसान सोसतो. हे सारे ज्ञान त्याने प्रत्येक गिऱ्हाइकापुढे फुकट ओतावे असा आग्रह धरला, तर ते मिळविण्याचे कष्ट कोणीच घेणार नाही. शेजारच्या दुकानात हीच वस्तू दोन रुपयांनी स्वस्त आहे, हे सांगण्यास दुकानदार बांधलेला नाही. गिऱ्हाइकाला चार पावले चालून ते पाहता येते. आपली खरेदीची किंमत सांगण्यासही तो बांधलेला नाही. समव्यावसायिकांनी परस्परांशी झुंजावे, हे तर बाजाराचे जीवनच आहे. एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याशी राखलेले मौन आणि त्याने गृहिणीशी राखलेले मौन, ही एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

तेव्हा प्रश्न ‘बोलावे की गप्प राहावे’ असा सरसकट विचारून भागत नाही. कोणते मौन आणि कोणाशी, हे पाहावे लागते. त्यासाठी तीन गोष्टींचा विचार साहाय्यक ठरतो. पहिली, दुसऱ्याला ती गोष्ट साधारण सावधपणाने कळू शकते काय? उघड दिसणारा डाग दाखविण्याची गरज नाही. अस्तराखालची कसर दाखविली पाहिजे. दुसरी, त्याने आपल्यावर विश्वास टाकला आहे काय? “तुम्हीच चांगले ते द्या” असे म्हणून जो पिशवी पुढे करतो, त्याने आपले डोळे विक्रेत्याच्या स्वाधीन केलेले असतात. १९३० सालच्या मालविक्री कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. घेणाऱ्याने सावध असावे हा त्यातील मूळ नियम. पण घेणाऱ्याने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर तो नियम मागे सरतो. तिसरी, नुकसान कशाचे होणार? चार पैसे जास्त जाणे हे एक. ब्रेक निकामी असलेली गाडी, मुदत टळलेले औषध, खचणारी भिंत हे दुसरे. जेथे माणसाच्या देहाशी गाठ आहे, तेथे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे काहीही असोत, गप्प राहण्यास जागा उरत नाही.

या विचारात एक अडचण मात्र नेहमी आड येते. आजच्या व्यवहारात विकणारा बहुधा स्वतः मालक नसतो. तो पगारी नोकर असतो, दलाल असतो, एखाद्या पेढीचा प्रतिनिधी असतो. दोष त्याला ठाऊक असतो, पण सांगण्याची मुभा नसते. तो मनाशी म्हणतो, माल माझा नव्हे, नफा माझा नव्हे, मग पाप तरी माझे कसे? मालक म्हणतो, मी तर गिऱ्हाइकाचे तोंडही पाहिले नाही. कारखानदार म्हणतो, दुकानात काय बोलले गेले याची मला कल्पना नाही. अशा रीतीने एक मौन तिघांत वाटले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतके थोडे येते, की त्याचे ओझे कोणालाच जाणवत नाही. गिऱ्हाइकाच्या अंगावर मात्र ते समग्र पडते. नोकराची कोंडी खरी आहे. घरी खाणारी तोंडे असता मालकाच्या मर्जीविरुद्ध बोलणे सोपे नाही, आणि त्याच्याकडून वीरपणाची अपेक्षा सुखवस्तू माणसाने करणे शोभत नाही. पण म्हणूनच जबाबदारीचा मोठा भाग त्याच्याकडे जातो, ज्याच्या हाती बोलण्याची मुभा देणे असते. नोकराला खरे बोलता येईल असे दुकान चालविणे, हे मालकाचे कर्तव्य आहे; आणि विचारल्यावर खोटे न बोलणे, ही नोकरानेही न ओलांडावयाची किमान मर्यादा आहे.

मौनाची किंमत केवळ फसलेल्या गिऱ्हाइकालाच मोजावी लागते असेही नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला मध्यम भावच देऊ करतो. चांगली गाडी असलेल्याला तो भाव परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या वाईट गाड्या. मग भाव आणखी घसरतो आणि त्याहून बऱ्या गाड्याही निघून जातात. म्हणजे एकाच्या मौनाने सचोटीचा दुकानदार उठतो आणि सारी पेठ बदनाम होते. जुन्या व्यापाऱ्यांनी हेच ‘पत’ या एका शब्दात सांगितले होते.

भारतातील कायदाही हळूहळू बोलण्याच्या बाजूस सरकत आला आहे. १९७७ सालच्या नियमांनी बंद पुड्यांवर वजन, किंमत व तारीख छापणे भाग पाडले. १९८६ साली पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ सालचा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आहे आणि त्यात सेवा देणाऱ्याने ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे, ही सेवेतील उणीव मानली आहे. १८७२ सालच्या लिलावातील घोड्यापासून येथवरचा प्रवास लहान नाही. पण कायद्याची धाव किती? पुड्यावर काय छापले आहे ते तो तपासील. दुकानदाराच्या मनात काय छापले आहे ते तपासण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. कायदा किमान रेषा आखतो. तिच्या वरचा सारा प्रदेश माणसाच्या विवेकाचा आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांची कथा आहे. जाजली हा उग्र तपस्वी. तो इतका निश्चल उभा राहिला, की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्या तपाचा त्याला अभिमान झाला, तेव्हा त्याला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे धर्म शिकण्यासाठी जावे लागले. हा तुलाधार दुकानात बसून औषधी, सुगंधी द्रव्ये आणि रस विकणारा. मद्य तो विकीत नसे आणि व्यवहारात कपट करीत नसे. आपली तुला सर्व भूतांच्या ठायी सम आहे, हे त्याने आपल्या धर्माचे मर्म म्हणून सांगितले. त्याने दुकान सोडले नाही, नफाही वर्ज्य केला असे कथेत नाही. ओळखीच्यासाठी एक तराजू आणि अनोळख्यासाठी दुसरा, एवढे मात्र त्याने ठेवले नाही.

करार कायद्यातील ते उदाहरण या कथेच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. परक्याला घोड्याचा दोष न सांगितला तर चालते. मुलीला सांगितलाच पाहिजे. कायद्याला असा भेद करणे भाग आहे, कारण प्रत्येक व्यवहाराला घरच्या नात्याचा नियम लावून न्यायालये चालणार नाहीत. दुकानात बसलेल्या माणसाला मात्र तो भेद दररोज, प्रत्येक गिऱ्हाइकागणिक, स्वतः तपासून पाहता येतो. समोरच्या जागी घरचे माणूस असते, तर हे कापड आटते, या स्कूटरला चढ झेपत नाही, या घरात चैत्र-वैशाखात पाणी येत नाही, हे सांगितले गेले असते काय? उत्तर होकारार्थी येत असेल, तर त्या अनोळखी माणसाला ते न सांगण्याचे कारण एकच उरते, की तो अनोळखी आहे. त्या कारणावर उभा केलेला नफा कायद्याच्या चौकटीत बसेल. तुलाधाराच्या तराजूत तो भरेल किंवा नाही, हे ज्याचे त्याने, दुकानाची फळी लावण्यापूर्वी, तोलून पाहावयाचे आहे.